अभिप्रेरणा : योग्य पर्यायावर खूण करा

केंद्रावरून तक्ता आलाय, शनिवारपर्यंत भरून द्यायचा.
विषय विज्ञान, भाग एक. इयत्ता नववी ब.
विद्यार्थ्याचे नाव, घटक चाचणीचे गुण,
आणि शेवटच्या रकान्यात
अभिप्रेरणा : उच्च, मध्यम, कमी.
त्रेसष्ट नावं. निळं पेन. दुपारचे अडीच.
सेलूच्या उन्हात खिडकीचा गजसुद्धा
हात लावू देत नाही.

पहिली तीस नावं मी गुण बघूनच भरली,
खोटं कशाला बोलू.
अठराला उच्च, बाराला मध्यम, सहाला कमी,
चेहरे आठवायचे कष्ट घेतले नाहीत.
एकतिसावं नाव पठाण तस्लीम मुनीर.
वीसपैकी नऊ.
इथं पेन थांबलं.

ओहमच्या नियमाचा प्रयोग होता.
शाळेत एकच अ‍ॅमीटर, त्याचा काटा अडकतो.
रोधाचं रीळ मागच्या वर्षीच कुणीतरी नेलेलं,
म्हणून मी टॉर्चचा बल्ब लावला
आणि म्हणालो, आलेख सरळ रेषेत यायला पाहिजे.
आला की.
एकसष्ट वह्यांत आला,
पट्टीनं आखलेला, शून्यातून निघालेला,
वाचनं मागाहून भरलेली, रेषेवरून उलटी उतरवलेली.
मला ओळखू येतं.
जिंतूरला शिकताना मीही तशीच भरायचो,
आणि तालुक्यात विज्ञानात दुसरा आलो होतो.

तस्लीमची रेषा वर जाता जाता वाकली होती,
दमेकरी जिना चढतो तशी :
आधी भराभर, मग पायरी पायरीला थांबत.
मी लाल पेनानं गोल केला. लिहिलं, पुन्हा करा.
तिनं पुन्हा केलं.
दर वाचनाआधी काचेवर नखानं टिचकी,
मग काटा, मग वही.
पुन्हा वाकली.
तिसऱ्यांदा वही माझ्यापुढं धरून उभी राहिली,
"सर, तुमी म्हनता तशी काढून देऊ
का ह्यो म्हनतोय तशी?"
ह्यो म्हणजे अ‍ॅमीटर.

"कामून वाकली मग?" मी.
"तार तापली नं सर. तापली की अडती.
अब्बा गरम मोटारीचं माप घेतच नाहीत,
गार होऊ देतेत."

पाथरी रस्त्याला तिच्या अब्बाचं वाइंडिंगचं दुकान.
जळक्या मोटारी, वॉर्निशचा वास,
आणि स्टुलावर ही, तांब्याची तार गुंडाळत,
ओठांत आकडे.
एक फेरा चुकला तर मोटार आठवड्यात परत येते,
सोबत मालकही येतो, मोठ्यानं बोलणारा.
वहीत आकडा चुकला तर काय परत येतं?
माझ्याकडं तर बावीस वर्षांत
काहीच परत आलं नाही.

त्या रात्री पुस्तक काढलं.
नियमाच्या आधी छापलंय, तापमान कायम असेल तर.
ती ओळ मी दरवर्षी
श्वास न घेता म्हणून टाकतो,
पुढं पटकन व्याख्या, व्याख्येला दोन गुण.
चाचणीत तिनं व्याख्येखाली लिहिलं होतं,
बल्बला लागू नाही.
मी ते खोडलं होतं.
नमुना उत्तरात तसं नव्हतं.

तक्ता तसाच टेबलावर ठेवून प्रयोगशाळेत गेलो.
नववी अ ची वाचनं चालू होती.
खांद्यांच्या गर्दीत एक पोरगा वाकला, घुगे बहुतेक,
आणि काचेवर नखानं टिचकी मारली.
"हे कुणी शिकवलं?"
"सगळेच करतेत सर.
नायतर काटा खोटं बोलतो."

परत आलो. चहा आला, गार झाला.
बत्तीस, तेहतीस, चौतीस…
त्रेसष्टपर्यंत गेलो, थांबत थांबत.
एकतिसावी ओळ कोरीच आहे.
शनिवार परवा.