को जागर्ति?

देवळाली कॅम्पातल्या लाहिडींच्या घरात
मी सिन्नरहून सून म्हणून आले,
तेव्हा इलिशचे काटे मला घशात गेल्यावरच कळायचे.
जेठूंनी पहिल्या दिवशी माझा ‘श’ सुधारला,
दुसऱ्या दिवशी भात,
पुढे मी मोजायचं सोडलं.
तेहतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
छापील कागदावरच्या चुका शोधून निवृत्त झालेला माणूस.
घरात त्याला काम कमी पडत नव्हतं.

कोजागरीला ते गेले.

आमच्याकडे त्या रात्री दूध आटवतात, इथे लक्ष्मी.
मी दोन्ही केलं.
फाटकापासून देव्हाऱ्यापर्यंत
तांदळाच्या पिठाची पावलं काढली, सगळी आत येणारी,
आणि गच्चीवर पातेलं चढवलं.
दहाला जायफळ आणायला खाली उतरले,
तर जेठूंच्या दाराशी छोटोकाका, खणखणीत आवाजात:
‘दादा, जाच्छी!’
मग ते वर आले, दूध प्यायले,
नारळाचे तीन लाडू खाल्ले, चंद्राला नावं ठेवली.

सकाळी जेठू खुर्चीत. मांडीवर पायेशची वाटी,
चाटूनपुसून स्वच्छ.

फौजदार अहेर आले. दोन संदेश खाल्ले.
‘वय?’
‘एक्क्याऐंशी.’
‘मग,’ म्हणाले, आणि तिसरा उचलला.
पण पिशीमांना उलटं पाऊल दिसलं:
सगळी लक्ष्मीची आत, एकच बाहेर जाणारं!
घर दाराशी गोळा. अहेरांनी पेनाने लांबी मोजली.
पाऊल माझं निघालं.
दुधाची पिशवी घ्यायला मीच गेले होते.
दोन दिवस माझ्या हातचा चहा कुणी प्यायलं नाही.

चौथ्या दिवशी, सुतकाचा उकडा भात निवळताना,
हात थांबला.

जाच्छी.

या घरात हा शब्द कुणाला पूर्ण म्हणता आलाच नव्हता.
न्हाणीघरातून, तोंडावर साबण असताना जेठू ओरडत:
‘जाच्छी बोलते नेई! बोलो, आश्छी!’
माझी आईही सिन्नरच्या उंबऱ्यात हेच म्हणायची,
जाते नाही गं, येते म्हण.
एवढं एकच होतं
जे या घराने मला शिकवावं लागलं नाही.
आणि त्या रात्री दाराशी जाच्छी झालं,
आतून कुणी अडवलं नाही.
म्हणजे दहा वाजता आत अडवणारा नव्हता.
म्हणजे तो आवाज दादासाठी नव्हताच,
जिन्यावरच्या माझ्यासाठी होता.

माझा खलबत्ता हुंगला. वेलची नाही.
जेठूंच्या हृदयाच्या गोळ्यांची बाटली हलवली. वाजली नाही.

छोटोकाकांपुढे चहा ठेवला. त्यांनी तो घेतला,
त्या घरात पहिला घोट त्यांनीच घेतला.
‘पूजेच्या वर्गणीची वही दादाने पाहिली होती, बौमा.
लाल पेन्सिल घेऊन बसला होता.’
बशीत सांडलेला चहा ते बोटाने पुसत राहिले.
‘पण खरं सांगू? साठ वर्षं.
मला तो शब्द एकदा म्हणून बघायचा होता,
शेवटपर्यंत.’

‘मग कसं वाटलं?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘थांबलो दाराशी,’ ते म्हणाले.
‘वाटलं, ओरडेल.’

अहेर या वेळी काही खाल्ल्याशिवाय आले.
जीप लॅम रोडला तोंड करून उभी.
काकांनी चप्पल घातली, पायरीवर वळले,
पिठाची पावलं तोवर पुसट झाली होती.
‘जाच्छी,’ म्हणाले, हळू.

आणि पिशीमा, माझा नवरा, जेठीमा सुद्धा,
पांढऱ्या साडीत, रडून घसा बसलेल्या,
सगळे एकदम, सवयीने, रागाने:
‘जाच्छी बोलते नेई!’

अहेरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार?
काकांनी मान खाली घातली.
लहानपणी घालत असतील, तशीच.
‘आश्छी,’ म्हणाले,
आणि जीपमध्ये बसले.