पासंग

ऑक्टोबरात आमच्याकडे रात्र होत नाही.
बीट निघतं, आणि रेड नदीच्या खोऱ्यातले ट्रक
दिवे लावून एकाच खिडकीशी येतात.
त्या खिडकीत माझा बाप, व्हर्लिन टोस्टेनरूड,
एकतीस हंगाम, काट्यावर.
भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा,
फरक कागदावर.
मग तपासणीतून आकडा येतो : माती इतकी.
तीही वजा.

मी बेकर्सफील्डहून आलेय दहा दिवसांसाठी,
मतपत्रिका टपालात टाकून.
तो देईल त्याचं मत चर्चच्या तळघरात,
ठरलेल्या पक्षाला. माझा दुसरा.
त्यावर आम्ही बोलत नाही, आई होती तेव्हापासून.
पद्धतीवर बोलतो.
पद्धतीवर भांडायला आईची कधी ना नव्हती.

"बाबा, नदीपलीकडून मिनेसोटाचा ट्रक आला
तर तुझा काटा त्याला वेगळा पौंड लावतो?"
"नोकरी जाईल माझी."
"मग राष्ट्राध्यक्ष निवडताना कसं चालतं?
नॉर्थ डकोटाला तीन निर्वाचक, आम्हाला चोपन्न,
पण माणसं मोजून भागाकार कर,
तुझं एक मत माझ्या पावणेतीन पट."
तो चष्मा कपाळावर सरकवतो.
"पासंग आहे तो. हलक्या पारड्याला बांधावाच लागतो.
नाहीतर तुमच्या एका शहरापुढे
आमचं आख्खं राज्य
पासंगालाही पुरायचं नाही."

डेल्मर स्कोगन हॉर्न देतो. ऐंशी हजार चारशे. पुढे.

"सगळी मतं एका राशीत ओतलीस
तर या रस्त्याला कोण फिरकेल?"
"आत्ता कोण फिरकतं?"
तो आठवत राहतो.
"एकदा एकजण उतरला होता फार्गोला."
"आणि?"
"विमानात बिघाड होता."

आम्ही दोघंही हसतो. मी सांगते, आमच्याकडेही येत नाहीत,
आले तर देणगीदारांच्या जेवणाला,
बाकी सारा हंगाम पेनसिल्व्हेनियात
कुणाकुणाची बाळं कडेवर घेत.

"बरं, आणि पाच-पन्नास मतांवर अडलं तर?"
खिडकीच्या काचेवरची वाफ तो बाहीनं पुसतो.
"एक काटा बिघडला तर मी रात्रीत पुन्हा तोलून देईन.
आख्ख्या देशाची रास कोण उपसणार? कुठल्या फावड्यानं?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
थर्मास रिकामा झाला होता, तरी मी तो उलटा धरला.

मग मला सुचलं ते मी जरा जोरातच बोलले :
"जमीन मत देत नाही, बाबा, माणसं देतात.
तू स्वतः माती वजा करतोस!"

तीन ट्रक गेले. चौथा गेला.
मला वाटलं, जिंकले.

"वजा करतो," तो म्हणाला, "फेकत नाही.
बीट झाडताना खाली पडते ती
त्याच ट्रकात भरून त्याच्या शेतात परत पाठवतो.
मातीवाचून बीट काढून दाखव,
मग बोलू."

पहाटे चारला रांग तुटली.
थंडीत बोटं आखडलेली. तो एकदम म्हणाला,
"तुझं मत आणि माझं मत
कधी समोरासमोर येतच नाहीत, मॅरेन.
तुझं तिकडच्या ढिगात बुडतं, माझं इकडच्या.
एका राशीत पडली असती
तर निदान एकमेकांना कापली तरी असती."
हे माझ्या बाजूनं होतं की नुसतंच,
मी विचारलं नाही.

लहानपणी तो मला या लोखंडी पाटावर उभं करायचा.
आज मी आपणहून गेले. तो मागून आला.
खिडकीतल्या पडद्यावर तीनशे साठ.
दोघांचं मिळून. कुणाचं किती,
ते काट्याला ठाऊक नाही.

"बुटांची माती वजा करू?"
"राहू दे," मी म्हटलं.
लांब वळणावर पुन्हा दोन दिवे दिसले,
आणि तो घाईघाईनं आत गेला.