वाकनळ

उद्या नारोपंतांची जयंती.
दुसरीच्या वर्गाचं आठ ओळींचं भाषण पाठ हवं,
केंद्रप्रमुख येणार आहेत.
"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग" इथपर्यंत
शिवतेज एका दमात येतो,
"नारो सदाशिव पेंढरकर" म्हणताना मात्र
पडलेल्या दाताच्या खिंडीतून शीळ वाजते.

मी फळ्यावर पगडी काढते.
"बाई, कांदा!"
बरं, कांदा.
ह्या कांद्याखालचं डोकं
येरळेच्या काठी वाया जाणारं पाणी मोजत बसायचं.
वडजाई संस्थानचे दिवाण, पण कनवटीला कानस.
दिवसा राजेसाहेबांच्या कागदांवर मोर्तब,
रात्री भिवा तांबटाच्या भट्टीपाशी, घामाघूम.
दाबला की पाणी, सोडला की गप्प,
असा नळ करायचा होता त्यांना.
सोळा फसले. सतराव्यानं
थेट राजेसाहेबांच्या मिशा भिजवल्या.
(इथं दरवर्षी हशा येतो, मी दरवर्षी थांबते.)
"मग राजानं हाणलं?"
नाही रे. म्हणाले, अजून एक करा.
"आमचा नळ सोडला तरी गळतोय," अफान म्हणतो,
"बोलवा की त्या पंतास्नी."

दुपारी रांग लावून हौदावर नेते.
वाटेत हळद शिजते आहे,
अठ्ठावीस नाकं एकदम वर.

पुढचा नळ पितळी, सिंहाच्या तोंडाचा,
माझ्या छातीइतका उंच. त्यावर नाव कोरलेलं.
पाठात ह्याचंच चित्र.
चौदा वर्षं मी इथूनच मागं फिरते.
आज इकरा सुटलेली चप्पल शोधत
भिंतीला वळसा घालून गेली.
"बाई, हितं अजून एक हाय.
ह्यो इतका खाली का?"

दफ्तरातला हुकूम मी वाचला आहे,
एका उन्हाळ्यात, मोडीतून अक्षर अक्षर सोडवत.
कोणी कुठल्या बाजूनं यायचं,
कोणाची घागर कुठं टेकायची.
खाली नारोपंतांची सही. वळण सुरेख.

सात वर्षांच्या मुलांना किती सांगावं
ह्याचं परिपत्रक आलेलं नाही.

"आमचे तात्या ह्याला वाकनळ म्हणतात,"
संबोधी म्हणाली,
गल्लीचं नाव सांगावं इतकं सहज.
"वाकून भरायचं म्हणून."
"सगळ्यांनी?"
"नाही. आमच्यांनी."

मग मी पायरीवर बसले आणि सांगितलं.
नळ त्यांनीच केला. हा पण.
आणि मधली ही भिंतही त्यांच्याच सहीची.
"मग त्यो चांगला का वाईट?"
शिवतेजला घाई. उद्या भाषण त्याचं आहे.
मी म्हटलं, त्यांना पाणी कळत होतं.
"आणि माणसं?"
मी पदरानं चष्मा पुसत राहिले,
स्वच्छ होता तरी.

तोवर मागच्या नळापाशी झुंबड.
"ह्यो आपल्या मापाचा हाय!"
अफान दाबतो. टक.
चाळीस वर्षं पाणी नाही,
पण कळ अजून शाबूत,
सोडली की इमानानं परत वर.
टक. टक.
रिकाम्या ओंजळी, खिदळणं, ढकलाढकल.
त्यांना थांबवावं की नाही, कळेना.

संबोधी त्या रांगेत नव्हती.
ती पुढं, सिंहाखाली,
टाचा उचलून उभी.
चार बोटं कमी पडत होती.
मी तिला उचललं नाही.
तिनं मागितलं नव्हतं.

आता साडेपाच. शिपाईमामा किल्ल्या वाजवतायत.
शिवतेजच्या कागदावर, पाचव्या ओळीत,
'नळ' ह्या शब्दाच्या आधी
मी 'दोन' लिहिते.
एवढंच सुचतं आज.
उद्या तो तिथं अडखळेल,
साहेब वर बघतील.
अडखळू दे.