एक जानेवारी दोन हजार दोन

सीडीचा ट्रे आपणहून बाहेर येत नाही.
बारीक भोकात टाचणी खुपसावी लागते,
मग तो जीभ दाखवतो, डॉक्टरला दाखवावी तशी,
आणि मी तिच्यावर तबकडी ठेवते.
वंशावळीचा प्रोग्राम. कव्हरवर ओकचं झाड.
गुडब्रान्सदालच्या या टोकाला ओक उगवत नाही,
भूर्ज उगवतो, आणि तोही वाकडा.

कॉम्प्युटर ओडवारचा.
बटाट्यांच्या तळघरातून वर आणला,
पंख्यातली धूळ विणायच्या सुईनं काढली.
सुरू होताना खोकतो, बराच वेळ विचार करतो,
मग सांगतो: आज एक जानेवारी दोन हजार दोन.
बाहेर मार्च सरत आलाय,
छपरावरून बर्फ धपकन खाली येतंय.
म्हटलं, असू दे,
म्हातारपणी तिथीवारांचा घोळ कुणाचा होत नाही?

हिरवी पट्टी ब्याण्णव टक्क्यांवर अडून बसली.
मी एकतीस वर्षं डेअरीत दुधातलं फॅट मोजलंय,
काटा स्थिरावेपर्यंत हात न लावता बसणं मला जमतं.
कॉफी केली. प्यायले. दुसरी केली.

मग त्यानं विचारलं: आडनाव?
आता याला काय सांगू!
पणजोबा वरच्या शेतावर जन्मले तेव्हा ब्योर्कली,
खालचं शेत खंडानं घेतलं तेव्हा मूएन,
बायकोच्या घरी घरजावई गेले तेव्हा स्लोत्ते.
माणूस तोच, टोपीसुद्धा तीच,
पायाखालची जमीन बदलली की नाव बदलायचं.
प्रोग्रामपाशी रकाना एकच.
स्लोत्ते लिहिलं. पुरलंय तिथं.

मग इंगेबोर्ग. १८७१. आठ दिवस.
मग इंगेबोर्ग. १८७३. एक हिवाळा.
मग इंगेबोर्ग, १८७४, जी जगली दात पडेपर्यंत,
जिच्या हातचे मोजे मी लहानपणी फाडलेत.
पडद्यावर चौकट आली:
या तीन नोंदी एकाच व्यक्तीच्या वाटतात. एकत्र करू?
नाही.
नक्की?
नक्की. पाळणा एक होता. मुली तीन.

संध्याकाळी ओडवारपाशी पोचले.
जन्म: घेतला.
लग्न: घेतलं. (पाऊस होता, पाद्री चुकून
त्याच्या भावाचं नाव बोलला. त्याला रकाना नाही.)
मृत्यू: नऊ नोव्हेंबर दोन हजार एकोणीस.
लाल अक्षरं.
मृत्यूची तारीख भविष्यातली असू शकत नाही.

मी हात मांडीवर घेतले.

याच्या हिशेबानं अजून सतरा वर्षं दहा महिने आहेत.
गुडघा दुखायला लागलेला नाही.
ट्रॅक्टर विकलेला नाही.
बहुधा आत्ता लाकडं आणायला गेलाय,
दार नेहमीसारखं सताड उघडं टाकून,
आणि मी आतून ओरडते आहे.

शेजारच्या आय्विन्डला फोन केला.
म्हणाला, आतली बॅटरी संपलीय, नाण्याएवढी असते,
विन्स्ट्राला पेट्रोल पंपावर मिळेल, तीस क्रोनर.
तारीख हातानंही बदलता येते,
पण बंद केला की पुन्हा विसरेल.
म्हटलं, विसरेलच.

दुसऱ्या दिवशी बसनं जाऊन आणली.
अंड्याच्या कपात ठेवलीय, खिडकीत,
घड्याळातलीही असेल, श्रवणयंत्रातलीही, बघणाऱ्याला कळणार नाही.
मृत्यूचा रकाना रिकामा सोडून सेव्ह केलं होतं.
प्रोग्रामनं त्याच्या नावापुढं
मला न विचारता लिहून टाकलं: हयात.

आय्विन्ड स्क्रूड्रायव्हर घेऊन शनिवारी येतो म्हणतो.
घाई नाही म्हटलं.
मूएनकडचे चुलत अजून बाकी आहेत, अठ्ठावीस जण,
बरेचसे मिनेसोटाला गेलेले
आणि तिकडं उतरल्या उतरल्या नावं बदललेले.
आधी तेवढे उरकते.