नऊ पांवडे

डिचोलीच्या बसस्टँडमागे, सायकलदुरुस्तीच्या माडीवर
माझी खोली: दोन खाटा, एक कप्पी,
भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा,
लोकांच्या बोटांनी इंच इंच चढलेल्या.

शिगमो संपला त्या आठवड्यात सगुण घाडी आला.
शर्टाचं बटण बायकोनं लावलंय
हे त्यानं सांगितलं नाही;
ते चुकीच्या काजात होतं.

नार्व्याच्या फेरीबोटीवर सव्वीस वर्षं.
दोर फेकणं, दोर ओढणं, फळी उचलणं.
आता उजवा हात खांद्याएवढाही वर येत नाही,
मागे जात नाही,
पाकीट डाव्या खिशात आलंय.

गोठलेला खांदा म्हणतात याला, मी म्हटलं.
तो हसला. बाय, आमच्याकडे बर्फ
फक्त मासळीच्या पेटीत.

शून्य ते दहा, दुखणं किती?
दहा त्याला कळले, शून्य कळेना.
मग म्हणाला, धक्क्याला नऊ पांवडे आहेत.
आज सहा पाण्याखाली.
रात्री त्या कुशीवर वळलो तर नऊही.

मी फाइलीत लिहिलं: सहा. रात्री नऊ.
पुढे, आकड्यांना एकक हवंच म्हणून: पायऱ्या.

गरम पिशवी, पंधरा मिनिटं. मग वाक,
डावा हात टेबलावर, उजवा सोडून दे,
पाण्याची बाटली धर.
हलवू नकोस.
हलू दे.
हे त्याला जमेना. सव्वीस वर्षं
सोडून देणं म्हणजे बोट वाहून जाणं.

मग माझं काम. एक हात खवाट्यावर, एक दंडाखाली,
सांधा जिथं दार लावून घेतो तिथं थांबायचं.
ठोठवायचं नाही. नुसतं टेकून राहायचं
आतल्यानं कंटाळून कडी काढेपर्यंत.

पहिल्या महिन्यात सहा अंश.
दुसऱ्यात त्यातले चार परत गेले,
पुतण्याची मोटारसायकल ढकलली म्हणून.
मी रागावले. तो भिंतीकडे तोंड करून
बोटं चढवत राहिला, रेघ, रेघ, रेघ,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.

हात वर कशाला हवाय?
हे विचारायचं असतं. बरेच जण म्हणतात, असाच.
तो म्हणाला, चवथीला माटोळी बांधायची.

चवथीच्या आदल्या दिवशी एकशे अडतीस.
एकशे ऐंशी पुस्तकात असतात.
सुपारीचं शिपटं पुतण्यानं बांधलं, मधली कवंडळंही.
काठाची तोरिंगं ह्याची.
फोन बायकोचा आला: बटण आता आपणच लावतात,
मी मात्र सवयीनं समोर जाऊन उभी राहते.

त्यानंतर तो एकावर अडला.
आज किती? एक.
पंधरा दिवसांनी? एक.
मी टॉवेलचा व्यायाम वाढवला, रबरी पट्टा बदलला,
जाड हिरवा दिला. एक.

ऑक्टोबरात एका रविवारी मी दिवाडीला निघाले.
पुरती ओहोटी. शेवाळलेल्या पायऱ्या, खेकडे, एक चप्पल.
मोजल्या. आठ.
पुन्हा मोजल्या.
तो फळीच्या दोराशी होता,
डावा हात ओढणारा, उजवा नुसता साथीला.
नववा गाळात आहे, तो वरून ओरडला.
आमच्या आज्याला दिसायचा म्हणे.
पण मोजतात सगळे नऊच.

फेरी सुटली. इंजिनाची थरथर कठड्यातून
माझ्या अंगठ्याच्या बुडाशी आली,
दिवसाला अकरा खांदे आणि
कोण जाणे किती गुडघे दाबणारा अंगठा.
कुणाचं लक्ष नाही असं बघून
मी त्याला विचारलं, किती?

तीन असतील.
संध्याकाळी, भरतीला, चार.