दर्शनी पडदा

कापड आलं वडशाहून, सव्वीस मीटर.
मरून सांगितलं होतं, निघालं डाळिंबी.
गहाणे सर म्हणाले, चालते,
रात्री लायटीत सारं मरूनच दिसते.

सहा पाट जोडायचे होते.
चौथ्या जोडाला लाईन गेली
आणि मी पायमशीन अंदाजानं हाणली,
म्हणून तिथं शिवण वाकडी आहे,
बोडीच्या पाळीसारखी.
हे मला ठाऊक, आणि मशीनला.

महोत्सवाचा पास आला घरी.
नावापुढे 'कलावंत' छापलेलं.
चुकून असेल म्हटलं,
पर्समध्ये ठेवला, सुईच्या डबीखाली.

आयटीआयच्या मैदानात चार मंडप.
पहिल्यात सुमित्रा कुमरे भिंत सारवून बसलेली.
भिंत प्लायवूडची, शेण मात्र खरं.
ती ठिपक्याशेजारी ठिपका ठेवत होती.
मी बघत उभी राहिले, मग दोघी हसलो
आणि भावाचं बोललो:
तुले किती देते वं? अन् तुले?

दुसऱ्यात कवी. कवी तेरा, ऐकणारे नऊ,
त्यातले चार खुर्च्या उचलायला थांबलेले.
एकानं पाण्यावर इतकं म्हटलं
की मला तहानच लागली.
बाहेर येऊन सिंगाडे घेतले, उकडलेले, पावशेर.

तिसऱ्याबाहेर नागपूरच्या पोरानं, निखिलेशनं,
तणसाचा गवा उभा केला होता, दीड माणूस उंच.
पाटीवर लिहिलं होतं: भूक.
रात्री लांजेवारांची गाय सुटली
आणि मागचा उजवा पाय खाऊन गेली.
पोरगा आधी रडकुंडीला आला.
मग गायीचं नाव विचारत गावभर फिरला.
आता पाटीवर करणाऱ्यांची नावं दोन आहेत,
दुसरं कपिली.

चौथा मंडप रात्रीचा.
आधी दंडार. डोमाजी भोयर, वय चौऱ्याहत्तर,
लुगडं नेसून शेवटचं नाचले,
शेवटचं म्हणून, हे सलग तिसऱ्या वर्षी.
पोलक्याच्या बाह्या मीच सैल केलेल्या;
गिरकीत टिकल्या.

मग नाटक. साडेनऊचं, दहा पन्नासला.
घंटा झाली, पडदा गुडघाभर वर गेला
आणि अडला.
दोर चाकावरून उतरला होता.
वासू गुरनुले वर चढला, खाली आला, परत चढला.

अकरा मिनिटं.
पडद्याखाली पाय दिसत होते:
शिपायाचे बूट,
जोडवी घातलेलं एक पाऊल
दुसऱ्या पावलाला खाजवत असलेलं.
आणि वर, साऱ्या लायटीत, मी शिवलेलं.
तीन हजार माणसांना बघायला दुसरं काही नव्हतं.
मी पदर तोंडाशी धरला.
चौथ्या जोडाकडे बघायचं नाही असं ठरवलं
आणि तिथंच बघत राहिले.

मागून एक पोरगं म्हणालं,
माय, पडद्यावर नदी हाय, पाह्य ना.
माय म्हणाली, चूप, नाटक सुरू होते.
मग थोड्या वेळानं, हळूच:
कुठं हाय रे?

वासूनं शिवी हासडली, ती माईकमध्ये गेली,
सगळे हसले, पडदा वर गेला.
नाटकात काय झालं नीटसं आठवत नाही.
नायिका बहुतेक दोनदा मेली.

पहाटे गहाणे सर म्हणाले,
खालचा कोपरा फाटला, उद्या पाहिजे.
तशीच चपला काढून स्टेजवर चढले.
समोर रिकामी तळवटं, शेंगांची टरफलं,
पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर एक कुत्रं.
डबी काढताना पास खाली पडला.
उचलला.

कोपरा शिवून झाल्यावर
चौथा जोडही उसवता आला असता.
दोरा होता, उजेड येत होता,
सरळ टीप घालायला हात आता मोकळा होता.
बोटानं तिथवर जाऊन आले,
वरून खाली, वळणावळणानं.

नागभीडची पहिली एसटी रस्त्यावर वाजली.
दातानं दोरा तोडला.