समुद्र, वर्धा रोड

कंपनी पंपांची. थीम ठरली: समुद्र.
सातशे डीलर, एक रात्र, मे महिना.
देवचंद नंदेश्वरनं पडद्यावर लाटा काढल्या
फुटाळ्याच्या. बुटक्या, काठाला शेवाळ.
"समुद्र पायला कोनं, सर?"
मी एकदा, चौथीत, गाडीच्या काचेतून.

निळे दिवे, धूर, स्पीकरमधून गाज.
तरी काहीतरी उणं. वास.
भोईपुऱ्यातून दोन किलो सुके बोंबील आणून
पडद्यामागे टांगले.

सव्वासातला क्लायंट आला, रुमाल नाकाला:
"हे आधी काढा."
काढले.

रात्री दोनला सेट उतरवताना
वेटरांतला एक पोरगा
गुंडाळलेल्या लाटेला नाक लावून उभा.
"कुठचा बे तू?"
"हर्णैचा."

देवचंदनं तेवढी लाट
ट्रकात चढवली नाही.